पाचाचा उच्चार

लाम्फूनच्या बाजारामागे, वजनकाट्याशेजारी,
लाल स्टुलावर बसून बुआखम
कुनमिंगच्या थान योंगफूला लाँगन विकते.
तीन वर्षं झाली. भेट नाही,
आवाजसुद्धा ऐकलेला नाही.
ती थाईत लिहिते, तो चिनीत वाचतो,
मधे फोनातलं भाषांतराचं यंत्र,
मुक्या हमालासारखं
ओझी इकडची तिकडे करणारं.

शब्द सगळे पालटून पोचतात.
आकडे मात्र आहेत तसेच:
किलो, भाव, तारीख.
आकड्यांना कुठली आलीय भाषा,
असं यंत्राला वाटतं.
तिलाही वाटायचं.

थाईत पाचाला म्हणतात 'हा'.
म्हणून हसायचं असलं की ५५५.
पोरंटोरं लिहितात, फौजदार लिहितो,
मठातले भिक्खूही लिहीत असतील गुपचूप.
बुआखमचं तर तिनावर कधी भागलंच नाही:
"मांजर काट्यावर बसली, चार किलो भरली,
लावू का भाव? ५५५५५"

त्यावर त्याचं उत्तर:
"धीर धरा."

ती म्हणायची, माणूस विनोदात कच्चा,
पण पैसे वेळेवर देतो.

मग ऑगस्टात बोतेनच्या नाक्यावर
ट्रक चार दिवस अडकला.
अठरा टन ड्रॅगनचे डोळे
(त्याच्याकडे या फळाला असंच म्हणतात)
ताडपत्रीखाली पाणावले, आंबले.
निरोप आला: "सगळं गेलं ५५५"

निम्मं नुकसान माझं, आणि हा दात काढतो?
त्या दिवसापासून दोघांत छत्तीसचा आकडा.
म्हणजे तिनाने पाठ फिरवली,
सहाला पत्ताच नाही.

सप्टेंबरात, रात्री पावणेदोनला:
"आई गेली. ५५५५५५५"

सात. तिने मोजले.
पाचावर धारण बसते ती आपल्या भाषेत,
तिच्या भाषेत तशी सोय नाही,
तरी बसली.
फोन तिने काट्यावर पालथा टाकला.
एकशे नव्वद ग्रॅम.

सकाळी पेट्यांना चिकटपट्टी लावता लावता
विरिन्या म्हणाली (ती चिआंगमाईला चिनी शिकते),
"मावशी, त्यांच्यात पाच म्हणजे वू.
म्हणून बघा. वू, वू, वू."

बुआखमने म्हटलं.
दुसऱ्या 'वू'ला ओठ आपोआप पुढे आले,
तान्ह्या मुलाचे रडण्याआधी येतात तसे.
तिसरा म्हणावा लागला नाही.

दिवसभर काटा बंद.
अंगठ्याने ती तीन वर्षं मागे गेली.
इथे तो रडला होता, फुटलेल्या पेट्यांना.
इथे गुडघ्याला.
इथे मुलगा दुसऱ्यांदा नापास झाला म्हणून.
आणि प्रत्येक ठिकाणी खाली तिचं
पिवळं, गोल, हसरं तोंड.

आणखी मागे तिच्या मुलीचं लग्न:
"नवरदेव तळ्यात पडला, बुटांसकट! ५५५५५५"
"फार वाईट झालं. सावरेल सगळं."
पाठोपाठ कुरियरने चहाची एक वडी,
भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेली.
आहेर समजून तिने ती फळीवर ठेवलेली,
अजून फोडलेली नाही.

म्हणजे मांजरीचंही
त्याने सुतक धरलं होतं.
मांजर आत्ता तिच्या पायाशी, साडेपाच किलोची.
बुआखमला हसू फुटलं, फुटता फुटता
त्याचं भलतंच काहीतरी व्हायला लागलं.
हे कुठल्या आकड्यात लिहायचं?

तिने वडी फोडली. पाणी ठेवलं.
तीन वर्षांत पहिल्यांदा नंबर फिरवला.
घंटा वाजली. उचलला.
तिने श्वास घेतला, तिकडेही कुणीतरी घेतला,
नाकातून, ओला.

यंत्र दोघांच्या मधे उभं,
रिकाम्या हातांनी.
पडद्यावर अक्षरं उमटली:
आवाज ओळखता आला नाही.
कृपया पुन्हा बोला.

दोघंही बोलले नाहीत.
चहा कडू होत गेला.