एक ग्रॅम

खाणीच्या प्रयोगशाळेत माझं काम राखेचं.
वॅगनमधून उचललेलं ढेकूळ कुटायचं, चाळायचं,
एक ग्रॅम बशीत घ्यायचा,
आठशे पंधरा अंशांच्या भट्टीत ठेवायचा
आणि काय उरलं ते वहीत लिहायचं.
कमी उरलं तर भाव जास्त.

साहेबांच्या टेबलावर काचेखाली तीन खडे आहेत.
एक तपकिरी, अजून लाकूडपण न विसरलेला.
एक काळाभोर, आरशासारखा, बोटाला न लागणारा.
दोन्ही परगावचे.
मधला आपला, वणीचा:
पट्टेदार, धुरकट, हात काळे करणारा,
पट्ट्यावरून थेट बॉयलरात जाणारा.

बारीकराव लोहाराला तो तसा चालत नाही.
आवारात ढीग रचतो, ओल्या मातीनं लिंपतो,
दोन दिवस आतल्या आत घुसमटू देतो.
"धूर सोडल्याबिगर लोखंडाले हात लावू देत नाही त्याले."
उरतो तो कोक, राखाडी, भोकाभोकाचा, हलका.
विळ्याला धार त्याचीच.

तुळसकर परीट तर दगडी कोळशाला शिवतही नाही.
"गुरुजीच्या सदऱ्याले गंधकाचा वास मारन ना!"
त्याच्या इस्त्रीत बाभळीचा,
टिचकी मारली की काचेसारखा वाजणारा.

आणि पंचफुलामावशी.
सायडिंगच्या उतारावर घमेलं घेऊन
पहाटे चारला, गार्डाची बिडी संपायच्या आत.
तिचे दर्जे तीनच: पेटते, धुपते, फुटते.
फुटते त्यात दगड असतो,
शेगडीतून उडून पोराच्या मांडीवर बसतो.
चुरा ती शेणामातीत कालवते,
गोळे थापते, कुडाच्या उन्हात मांडते.
प्रत्येकावर चार बोटं.

एकदा तिचा एक गोळा डब्यात घालून नेला.
रात्रपाळीला, कोणी नसताना,
कुटला, चाळला, एक ग्रॅम जाळला.
राख त्रेपन्न टक्के.
वहीत तेवढ्या खालचा रकानाच नव्हता.

सकाळी तिनं विचारलं, "मंग? पास झाला का माहा गोळा?"
म्हटलं, अर्ध्याहून जास्त राखच आहे मावशी.
"हाव तं. कुठी हाय?"
काय?
"राख."
फेकली.

"फेकली?"
हातातलं कढईचं बूड तसंच धरून
ती माझ्याकडे बघत राहिली.
"भांडे कायनं घासू मंग मी, तुह्या टक्क्यानं?"

अर्ध्या ग्रॅमपायी
संध्याकाळपर्यंत बोलली नाही माझ्याशी.