फुंकर किती लिटरची

तान्ह्या पोळ्याला एकवीस दिवस.
गोठ्याच्या अर्ध्या भागात छप्पन नंदी उभे,
सागाचे, बिनचाकांचे, बिनरंगाचे,
आणि मी हिंगणघाटच्या दुकानात
एका लाल टाकीवरून हात फिरवतोय,
बाजारात गोऱ्ह्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"पन्नास लिटर, दोन एचपी," किसनचंद म्हणाला,
"घ्या मिस्त्री, पुढच्या पिढीला पुरेल."
पुढची पिढी माझ्या शेजारीच होती,
आयटीआयचा निळा शर्ट, खिशाला टेस्टर.
टाकीकडे ती बघतच नव्हती,
मागे वाकून
पत्र्याच्या पट्टीवरचे बारीक आकडे वाचत होती.

"बाबा, टाकी म्हंजे रांजण.
झराच करंगळीएवढा असन
तं मोठ्या रांजणाचं कराचं काय?
मिनिटाले हवा किती देते, थे पाहा."

"पण दोन एचपी हाय नं."
"आन् आपल्या घरी करंट किती हाय?"

खरं होतं.
वावरातल्या मोटरी सुरू झाल्या की
आमचा बल्ब हळदीच्या पाण्यासारखा होतो,
मिक्सर चटणीवर रुसून बसतो.
त्या वायरीवर दोन घोडे चढले
तर झाडेकाकूंचा टीव्ही घेऊनच पडतील.

दुसरं यंत्र बिनतेलाचं.
एका हाताने उचललं मी.
साठीला टेकल्यावर
उचलता येणं हाही एक गुण धरतो माणूस.
किसनचंदने बटण दाबलं
आणि बाकाखालचं कुत्रं उठून
सरळ बसस्टँडकडे निघून गेलं.
प्रणालीचे ओठ हलत होते, शब्द पोचेनात.
आमच्या भिंतीपलीकडे बाळंतीण आहे,
पोर सव्वा महिन्याचं.
मी बटण बंद करायची खूण केली.

तिसरं पट्ट्यावर चालणारं, जुनं, एक एचपी,
एका टायरवाल्याने परत केलेलं.
आवाज म्हशीच्या रवंथासारखा.
"पण हे तेल पेते," प्रणाली म्हणाली,
"एक कण नंदीच्या कपाळावर उडाला
तं रंग तिथं माशाच्या डोळ्यावानी फाटते."
फिल्टरचे साडेआठशे वेगळे.

बाहेर टपरीवर चहा घेतला, दोन वेळा.

रंगासाठी पाहिजे, असं मी सगळ्यांना सांगत होतो.
तीस वर्षं नंदीच्या कानातला,
शिंगांच्या बेचक्यातला भुसा
मी तोंडानेच उडवत आलो,
कोरताना एक फुंकर, घासताना एक,
रंगाआधी दोन.
नंदीतून निघालेलं कुठेतरी जातंच.
रात्री खोकला लागला की शेवंता उठत नाही,
पडल्या पडल्या मोजते,
सकाळी दुधाच्या हिशेबासारखा आकडा सांगते:
"काल एकेचाळीस."

हे कुठल्या पट्टीवर लिहिलेलं असतं?

मग तिसरंच घेतलं, फिल्टरसकट.
युरियाच्या पोत्यांवर आडवं टाकून
टेम्पोतून गावात आणलं.
झाडेकाका चपला न घालताच बघायला आले,
"आता मोटरसायकलच्या चाकात हवा फुकट नं?"

पहिल्या दिवशी बारा नंदी झाले.
भुसा असा उडाला की
प्रत्येक बैलाला कान आहेत हे मलाच नव्यानं दिसलं.
एक निळा झाला, चुकून.
तसाच ठेवला.

संध्याकाळी प्रणालीने टाकीखालचा वॉल फिरवला,
फस्स करून अर्धा कप पाणी आलं,
पिवळट, लोखंडाच्या वासाचं.
"हवेतलंच हाय. दाबलं की सुटते.
रोज काढा लागते बाबा,
नाई तं अंदरून गंजते."

शेवंता दारात उभी होती, हाताला पीठ.
कपाकडे बघितलं, मग माझ्या छातीकडे.
"असा वॉल," ती पोरीला म्हणाली,
"यायले बी बसवता येते का?"

रात्री तिनं मोजलं असणार.
आकडा अजून सांगितलेला नाही.