चारशे तेरावी

चारशे बारा जणांनी भरला आमचा फॉर्म,
तीन रात्रींत.
पिझ्झ्याचं कूपन होतं ना.
परसोडीच्या आयटी पार्कात, काचेआड,
मी त्यांच्या सूचना वाचत बसले:
डार्क मोड हवा. लॉगिन सोपं हवं.
संत्र्याचं चित्र जरा अजून केशरी करा.
कळमन्याच्या संत्रा-लिलावाचं अ‍ॅप,
आणि निम्मे जण हिंगणा रोडच्या एकाच हॉस्टेलचे,
कारण ‘लिलाव’ सगळ्यांनी सारखाच चुकवलेला.

सर म्हणाले, रिस्पॉन्स छान आहे.
मी विचारलं, यातल्या कुणी क्रेट उचललंय का?
तो कॉलम आपण ठेवलाच नव्हता.

मग पहाटे साडेचारला कळमना.
आंबियाचा माल उतरत होता, तोंडातून वाफा.
मापारी म्हणाला, नंतर या.
अडत्या म्हणाला, मलाच विचारा, मी सगळ्यांचं सांगतो.
हमाल म्हणाले, बाजूले सरका,
आणि ते बरोबरच होतं, मी वाटेत उभी होते.

ढिगामागे कौतिकाबाई नेवारे.
लहान, मोठं, डागी,
न पाहता वेगळं करणारे हात.
“तुमचं मत हवंय.”
“मतदान तं झालं ना बाप्पा.”

फोन पुढे केला. तिनं अंगठा टेकवला.
स्क्रीन ढिम्म.
सालीचं तेल, आणि वीस वर्षांत झिजलेल्या रेषा.
“तुह्या फोनले मी दिसूनच नाही राहिली.”
फॉर्मात ईमेल सक्तीचा.
तो लाल तारा मीच लावला होता.

दोन तास बोलली. हात चालू होते, पण हळू.
डागी कोण ठरवतं. रोजी कशी कापतात.
लाइट गेली की काटा कुठल्या बाजूनं झुकतो;
हे अडत्या चहाला गेल्यावर.
उठताना म्हणाली,
“पिझ्झा नको. तीन क्रेट मांगं राहिली तुह्यापायी,
त्याचे पैसे दे.”

आमच्या बजेटात रोख रकमेचं खातं नाही.
साठ रुपये मी ‘प्रवास, किरकोळ’मध्ये टाकले.

आज बैठकीत सर म्हणतात, सॅम्पल साइज एक?
माझ्या फोनवर अजून तो चिकट ठसा,
त्याच्याखालची अक्षरं फुगलेली.
एक नाही सर, उद्या दोन होतील.
जावेला आणते म्हणालीय.
“पन तिचा भाव येगळा हाये,
आधीच सांगून ठेवतो.”