तक्ता

रविवारी क्लबानं टेबलं मांडली
बावड्याच्या शाळेत, पटांगणाकडच्या वर्गात.
बिस्किटांचे पुडे घोरपडे काकींकडं,
माझ्याकडं भिंतीवरचा तक्ता
आणि एक फूटपट्टी.

मोईन शिकलगार घडाघडा बोलला,
वरून खालपर्यंत, एकही अक्षर न चुकता.
फूटपट्टी मी अजून उचललीच नव्हती.

पुढच्या अकरा पोरांचं ऐकून
रांगेतच पाठ केलं होतं त्यानं.
मी तक्ता उलटा केला.
तो माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिला.

"चष्मा लागला की गोलीला उभं करत न्हाईत, सर."

उणे साडेतीन, डॉक्टर म्हणाले.
मग चेंडू कसा दिसतो रे तुला?
"बुटाचा आवाज येतो की."

चष्मे आले त्या दिवशी
उद्यमनगरचा आमचा तातोबा,
लेथवरचा माणूस, मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारा,
स्कूटरच्या जुन्या ट्यूबची पट्टी घेऊन आला.
काड्यांना बांधली, मागं गाठ मारली.
"हलव डोकं. आणि जोरात हलव, लगा."

अहवालात मी लिहिलं :
तपासणी दोनशे चौदा, चष्मे एकतीस.
पट्टीसाठी रकाना नव्हता.