तीन लिटर

मुजावर मॅडमनी कागदावर लिहिलं:
पाणी, रोज तीन लिटर,
आणि खाली दोनदा रेघ मारली.
मी म्हटलं, मॅडम, तुम्ही कधी
कात्रज ते निगडी उभ्यानं गेलाय का?
त्या हसल्या नाहीत.
लघवीचा रिपोर्ट पुढं सरकवला.
इन्फेक्शन. पाचवा महिना.
दुसऱ्यांदा.

सहा वर्षं ही पिशवी खांद्याला आहे.
पहिल्याच आठवड्यात घुलेबाईंनी शिकवलं होतं,
तिकीट नंतर, सुटे नंतर, आधी हे:
सकाळी अर्धा कप चहा,
मग दुपारपर्यंत ओठ ओले करायचे फक्त.
आपण उंटिणी गं, म्हणायच्या,
आणि स्वतःच मोठ्यांदा हसायच्या.
रिटायर झाल्या तेव्हा नारळ मिळाला, शाल मिळाली,
मूतखडे त्यांनी आधीच कमावले होते.

तर आता मी शहर नव्यानं पाठ करते.
प्रवाशांना माहीत असतं ते नाही,
दुसरंच पुणे.
कात्रजला आहे, पण कडी नाही,
एका हातानं दार धरायचं.
स्वारगेटला आहे, रांगही आहे, रांगेत ओळख निघते.
डेक्कनला होतं, आता तिथं पत्रा.
शिवाजीनगरला पाच रुपये सुटे मागतात;
सुटे माझ्याच पिशवीत खुळखुळत असतात,
पण ते हिशोबातले.
दापोडीला एका हार्डवेअरवाल्याची बायको,
नाव अजून विचारलं नाही,
पोटाकडं बघून म्हणाली, आत या.
पिंपरीत नको.
नकाशातून पिंपरी मी खोडून टाकलीय.

गोळ्यांचं सोपं असतं.
लोहाची रात्री, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर,
चहा तिच्या आसपास फिरकता कामा नये.
कॅल्शियमची सकाळी.
दोघींना एका गाडीत बसवायचं नाही.
राजगिऱ्याचा लाडू डब्यात, एक उकडलेलं अंडं,
ते खिडकी उघडून खायचं, नाहीतर लोक नाकं मुरडतात.
सुजलेले पाय रात्री भिंतीला लावून वर ठेवते;
नवरा म्हणतो, उलटं लावलेलं झाड दिसतेस.
म्हणू दे. पाय दाबताना म्हणतो.

पाणी तेवढं अवघड.
पाणी पिणं म्हणजे पिणं नसतंच,
पाणी म्हणजे कुठं,
आणि किती वाजता.

हलक्या ड्युटीसाठी अर्ज दिलाय.
त्याला आवक क्रमांक पडला,
साहेबांच्या टेबलावर बसलाय तीन आठवडे.
माझ्याआधी त्याला सीट मिळाली.

मंगळवारी बोपोडीच्या अलीकडं
तुपेमामांनी गाडी डावीकडं घेतली,
स्टॉप नसताना.
टायर बघतो, म्हणाले, आरशात न बघता.
मागून एकजण ओरडला, अहो, मला सही करायचीय ऑफिसात!
मामा उतरले.
एकेक टायर बुटानं ठोकत,
वाकून बघत, कंबरेवर हात ठेवत,
सहाच्या सहा.
समोर पेट्रोल पंप होता. मी गेले.
स्वच्छ होतं. कडी होती. आरसासुद्धा होता,
त्यात खाकीतली एक बाई,
बॅजवर कुदळे,
थोडी पिवळट, घामेजलेली, बरी दिसणारी.

आले. डबल बेल मारली.
मामांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही.
मग बाटली काढली,
भर गाडीत, सगळ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा
घटाघटा प्यायले, गळ्यावरून ओघळ आत जाईपर्यंत.
आत कुणीतरी कूस बदलली.
मला म्हणायचं होतं, थांब, दापोडी येऊ दे,
पण तिकीट मागणारा हात पुढं आलेला.

संध्याकाळी डेपोत लॉगशीट.
अकरा मिनिटं लेट. कारणासाठी रकाना असतो.
मामांनी चष्मा पुसला, पेन झटकलं,
आणि लिहिलं: टायर.
मी खाली सही केली.