पश्चिमेला दार नाही

आजोबांनी पत्र्याची शेड घातली तेव्हा
पुंता अरेनासमध्ये तीनच गोष्टी फुकट होत्या:
वारा, वारा,
आणि ओळखीच्यांकडून येणारं मेंढीचं मटण.

मिहोविल आजोबा ब्राच बेटावरचे. हात पाथरवटाचे.
इथे दगड नव्हता, म्हणून पेट्या फोडत बसले:
रॉकेलच्या बत्त्या, लोकरीचे मोजे, मेंढ्या भादरायच्या कात्र्या,
आणि एकदा चुकून आलेले चाळीस बूट,
सगळे डाव्या पायाचे.
तेही विकले.
कसे, ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

दार पूर्वेला, सामुद्रधुनीकडे. पश्चिमेला नुसती भिंत.
म्हणायचे, पश्चिमेकडून येतो तो फक्त वारा,
आणि तो काही विकत घेत नाही.

झोर्का आत्याने शेजारचा तबेला घेतला,
मग बेकरी,
मग दिवाळं निघालेल्या फोटोवाल्याचा स्टुडिओ.
मधल्या भिंती पाडल्या; त्यांच्या रेघा फरशीत राहिल्या.
आजही ट्रॉली ढकलताना
तीन ठिकाणी चाकं अडखळतात:
तबेला. बेकरी. फोटो.

सरकता जिना आला त्या आठवड्यात
लांबच्या मेंढवाड्यांवरून ट्रक भरभरून माणसं आली,
टोप्या हातात धरून, चर्चमध्ये शिरावं तशी.
चिलोएचे दोन मेंढपाळ, सख्खे भाऊ,
दिवसभर जिन्याने वर जात राहिले,
पायऱ्यांनी खाली येत राहिले.
संध्याकाळी विचारलं, तिकिटाचे पैसे कुठे द्यायचे?
आत्याने दोघांना मोज्यांचा एकेक जोड खपवला.

मग सान्तियागोहून सुटातली माणसं आली, टाय खांद्यावर उडालेले.
काका कधीच तयार नव्हते. बाबा तयार होते,
पेनाचं टोपणही काढलं होतं.
आत्या त्यांना पश्चिमेच्या भिंतीशी घेऊन गेली.
तळहात टेकवायला लावला.
धार काढताना गाईचं अंग थरथरतं,
तशी भिंत थरथरत होती.
काय बोलली, माहीत नाही.
सही झाली नाही.
त्यानंतर अकरा वर्षं बाबा आणि काका
आमच्याच कॅफेत दोन टेबलांवर बसत,
एकच वर्तमानपत्र वेटरकरवी
इकडून तिकडे पाठवत.

मी आर्किटेक्ट होऊन परतले, तर
गाड्यांची जागा पश्चिमेला आणि दार पूर्वेला!
गिऱ्हाइकं कंबरेत वाकून, भिंतीला बांधलेल्या दोरीला धरून
वळसा घालून येत.
मी भिंत फोडली.
आपोआप उघडणारी दोन दारं, मध्ये आठ पावलांची खोली;
एक मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.
कंपनीने हमी लिहून दिली होती.

उद्घाटनाला आत्या चाकाच्या खुर्चीत, वय ब्याण्णव.
पाद्र्याने पवित्र पाणी दारावर शिंपडलं,
ते आमच्यावरच आलं.
मग एक बाई जुळ्यांची गाडी घेऊन आली
आणि उंबऱ्यातच थांबली, बुटाची नाडी बांधायला.
आतल्या दाराला कुणीतरी घाई केली.

वारा आत आला.

सवलतींच्या पाट्या, पावत्या, अत्तराचे कागद, पाद्र्याची टोपी
सगळं उचलून
फोटो, बेकरी, तबेला ओलांडत
आजोबांच्या दारातून
सामुद्रधुनीवर निघून गेला.

कुणी बोलेना. हमीचा कागद माझ्याच हातात होता.
आत्या म्हणाली,
नव्वद वर्षं बाहेर उभा होता बिचारा.
काही घेतलं का त्याने?

पाहिलं तर काउंटरवरून एक मोजा गेला होता,
डावा की उजवा, कळायला मार्ग नाही.
आत्याने वही मागवली,
थरथरत्या अक्षरात लिहिलं:
वारा. मोजा, नग एक. उधार.

आता तिथे फिरतं दार बसवलंय.
दोरी मात्र काढली नाही.
जुनी गिऱ्हाइकं अजून तिलाच धरून
पूर्वेकडून येतात.