दार किती उघडतं

शाम शुई पो. नावातच खोल पाणी.
त्या इमारतीला लिफ्ट नाही.
सातव्या मजल्यावर पोचलो तेव्हा
छातीतला वारा आणि गुडघ्यातलं पाणी,
दोन्ही जागेवर नव्हतं,
आणि मी आलो होतो
दुसऱ्याच्या घरातलं वारा-पाणी बघायला.

एका फ्लॅटच्या सहा खोल्या केलेल्या.
चौथ्या दारामागे क्वान बिक-हा,
इस्पितळात रात्रपाळीला फरशी पुसते.
तिनं दार उघडलं,
म्हणजे अर्धं उघडलं.
मी आडवा होऊन आत शिरलो:
आधी पोट, मग होकायंत्राची पिशवी,
शेवटी चाळीस वर्षांचा अनुभव.

नव्वद चौरस फूट.
पलंग, पलंगावर मुलगा,
मुलाच्या मांडीवर गणिताची वही.
संडासाच्या झाकणावर
कांदा चिरायची फळी.
मी तबकडी हातात धरली.
सुई आधी फ्रिजकडे वळली,
मग भिंतीतल्या लोखंडाकडे,
मग वैतागून नुसतीच थरथरत राहिली.

नियम मला तोंडपाठ आहेत.
पाठीशी डोंगर असावा, समोर पाणी.
झोपताना पाय दाराकडे नकोत,
प्रेत तसं बाहेर काढतात.
चुलीसमोर नळ नको,
अग्नीचं आणि पाण्याचं पटत नाही.
इथं पाठीशी शेजाऱ्याचा खोकला होता.
पाणी होतं, छतातून, एका वाडग्यात.
आणि भांडायलासुद्धा दोन पावलं जागा लागते,
इथं शेगडी आणि नळ
एकमेकांच्या मांडीवर बसले होते.

"पलंग फिरवा," मी सवयीनं म्हणालो.
"कुठं?"
ती हसली नाही. मुलगा हसला.

तिनं लाल पाकीट पुढं केलं.
वीस-वीसच्या नोटा,
उशीखाली ठेवून सपाट केलेल्या असाव्यात.
मी नजर चुकवायला दाराकडं पाहिलं.
"हे पूर्ण का उघडत नाही?"

दारामागे सूटकेस. निळी. कुलूप लावलेली.
"ह्यांची आहे," ती म्हणाली.
"डोंगग्वानला कामाला गेले ते.
आले की लागेल."
"कधी गेले?"
"याला दुसरीत घातला तेव्हा."
मुलानं मान वर केली नाही.
पेन्सिल मात्र थांबली.
वहीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: इयत्ता सहावी.

ची म्हणजे काय, यावर मी तासभर बोलू शकतो.
बोलतोही, बँकांच्या कचेऱ्यांत,
जिथं कारंजं चार बोटं सरकवण्याचे
मला तिच्या वर्षभराच्या भाड्याइतके मिळतात.
तिथं शब्दांना हिंडायला जागा असते.
इथं एवढंच म्हणालो:
"दार जेवढं उघडतं,
तेवढंच घरात येतं."

मग नळाला रबर गुंडाळून दिलं, टपटप थांबवली.
पाकिटातली एक नोट घेतली, बाकीच्या परत केल्या.
एकही न घेणं अशुभ असतं,
तिला नाही, मला.

नंतर महिनाभर त्या बाजूला गेलो नाही.
गेलो तेव्हा खाली छत्रीवाल्यापाशी
मुलगाच भेटला, तुटकी काडी घेऊन.
"आता दार भिंतीला टेकतं," त्यानं आपणहून सांगितलं.
"आणि सूटकेस?"
"कुलूप तोडावं लागलं."
"आत काय होतं?"
"काही नाही. रिकामीच होती."
छत्रीवाल्यानं काडी वाकवून पाहिली.
"आईला माहीत होतं," मुलगा म्हणाला.
"आता तिच्यात स्वेटर आहेत.
ती उभी करून मी तिच्यावर अभ्यास करतो."
"कसा बसतोस?"
"पाठ भिंतीला. तोंड दाराकडं."

मी त्याला काही शिकवलं नव्हतं.

त्या रात्री घरी गेलो,
माझं दार ढकललं,
आणि बऱ्याच वर्षांनी जाणवलं
की ते कशाला तरी अडतंय.
खाली वाकून बघणार होतो.
गुडघा म्हणाला, उद्या.